बलक

अल ऐनच्या बाहेर, डांबर संपतं
तिथून अकरा किलोमीटरवर आमचं केंद्र.
हुबारा म्हणजे माळढोकाची चुलत बहीण,
एवढंच मी घरी सांगते.
पुढचं कुणी विचारत नाही.
पगार विचारतात.

रात्रपाळीत मी आणि सहाशे अंडी.
साडेसदतीस अंश.
यंत्र तासाला एकदा सगळ्यांची कूस बदलतं,
कर्र्,
जाडजूड बाई झोपेत वळावी तसं.
कवचावर पेन्सिलीने पिंजरा, तारीख, वेळ.
आईचं नाव नाही, आईचा आकडा.

मार्चच्या नऊ तारखेला शमाल सुटला,
बाराव्या रांगेचं जाळीचं दार उपटलं,
आणि शेजारच्या फार्मवरचा सलुकी आत शिरला.
कुणाला चावला नाही.
रांगेतून नुसता चालत गेला, पाहुण्यासारखा.
गुलजमानने त्याला चपलेने हाकललं
आणि रजिस्टरात लिहिलं:
नुकसान काही नाही.

डॉक्टर नाहिद त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसल्या.
(अलेक्झांड्रियाच्या. सिगारेट सोडून चार महिने,
तेव्हापासून बोटांना काम लागतं.)
म्हणाल्या, बाराव्या रांगेची या आठवड्याची अंडी
वेगळी ठेव.

बलक एका दिवसात होत नाही.
थरावर थर चढत जातो,
आणि त्या त्या दिवशी आईच्या रक्तात जे असेल
ते त्या त्या थरात उतरतं.
दाणा, ऊन, नराची चाहूल,
कुत्र्याचे पाय.
एक अंडं गोठवून त्यांनी मधोमध कापलं.
आतून कांद्यासारखं.
सुईच्या टोकाने दाखवलं: हा नऊ तारखेचा.

पोटात गोळा येतो, असं आपण म्हणतो.
मी तो पाहिलाय.
पिवळा असतो.

मी नव्वदच्या डिसेंबरातली.
मार्चात बाबा सुट्टीवर येऊन गेले होते,
ऑगस्टात फहाहीलला क्रेनवर,
आणि जासईत आई पाचव्या महिन्यात,
तेव्हा कुवेत एका रात्रीत नकाशावरून पुसलं गेलं.
सत्तेचाळीस दिवस पत्र नाही, तार नाही.
आईला डोहाळे लागले बातम्यांचे.
मिठागरावरून परस्पर भोईरकाकूंकडे जायची,
ट्रान्झिस्टरपाशी ओल्या पायांनी उभी.
बाबा अम्मानमार्गे आले,
दाढी वाढलेली, हातात फक्त एक थर्मास.
तो अजून आहे. झाकण नाही.

ताट पडलं की मी अजून दचकते.
आत्या म्हणायची, पोटातूनच घेऊन आली.
कुणाचं, कशाचं, ते म्हणायची नाही.

पाच दिवस उबवलेल्या अंड्यांचा अहवाल आला.
नऊ तारखेचं जे भरून होतं
ते जवळजवळ नाहीच.
गेलं कुठे?
नाहिद म्हणाल्या, कुठे जाणार, कवच बंद आहे.
टॉर्चवर अंडं धरलं:
ठिपक्यांआड तांबूस धाग्यांची जाळी,
मध्ये एक ठोका. डोळेही धड नाहीत.
हे एवढंसं
आईने दिलेलं आहे तसं घेत नाही.
तोडतं, जोडतं, भलत्याच रूपात बांधून ठेवतं.
काही कामाचं असेल, काही कचरा.
आणि उरलेलं?
त्यांनी खांदे उडवले,
सिगारेट नसलेली दोन बोटं ओठांपाशी गेली.

इथे तीन वाजले की तिथे साडेचार.
आई उठलेली असते.
विचारलं, तेव्हा काय वाटायचं गं तुला?
वाटायचं काय? मासळी महाग झालेली.
तांदूळ संपत आलेला.
मग चुलीकडे की कुठे वळून, लांबून,
तू मात्र लाथा मारायचीस,
रेडिओ लागला की. थांब म्हटलं तरी थांबायची नाहीस.

घाबरून?
मला काय ठाऊक. तुला ठाऊक.

एवढ्यात यंत्राने कूस बदलली.
कसला गं आवाज, आईने विचारलं.